पिशवी, पन्हळ आणि रेघ

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक आरसा आहे आणि त्याच्या बरोबर वर, छताला, पांढरा दिवा. त्या दिव्याखाली कुणाचाही चेहरा थोराड दिसतो. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, वयाच्या ५४व्या वर्षी तिथेच पहिल्यांदा जाणवलं की आपल्या डोळ्यांखाली दोन पिशव्या आल्या आहेत आणि नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोन रेघा खोल उतरल्या आहेत. लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचं ठरलंही होतं. दार उघडताच ती मला म्हणाली, “मला हे काढून टाकायचंय. कुठे जायचं ते तू बघ.”

पुढची दीड-दोन वर्षं मी तिच्याबरोबर दवाखाने हिंडले, डॉक्टरांना प्रश्न विचारले, घरी येऊन वाचलं. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. आपण सगळे जण फिलर बरं, लेझर बरं की ऑपरेशन बरं, इथून सुरुवात करतो. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न असतो आणि तो बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. माझ्या डोळ्यांखाली जे दिसतंय ते नेमकं आहे काय? चरबी, पाणी, खड्डा, सैल कातडी, की नुसती सावली? या पाचांचे उपचार वेगवेगळे आहेत. एकाचा उपचार दुसऱ्यावर केला तर पैसे जातातच, शिवाय चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू शकतो.

निम्मी तपासणी घरीच करता येते. दिवसाच्या उजेडात खिडकीकडे तोंड करून हातात आरसा धरायचा. मान सरळ ठेवून नजर तेवढी वर न्यायची. वर बघताना फुगवटा वाढला आणि खाली बघताना बसला, तर ती बहुधा चरबी. मग एका बोटाने गाल हलकेच वर उचलून बघायचा. तेवढ्याने पिशवीखालचा खड्डा भरून ती दिसेनाशी झाली, तर पिशवीपेक्षा गालच जास्त बदललेला आहे. काळेपणा असेल तर पापणीखालची कातडी बोटाने किंचित ताणायची. रंग तसाच राहिला तर तो कातडीतल्या रंगद्रव्याचा. ताणल्यावर जांभळट झाला तर पातळ कातडीखालून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांचा. आणि नाहीसाच झाला तर ती सावली होती. लिफ्टमधल्या दिव्याने ताईला घाबरवलं ते याच सावलीने. उजेड डोक्यावरून आला की डोळ्यांखालच्या प्रत्येक उंचवट्याची सावली खाली पडते आणि जेमतेम मिलिमीटरभर फुगवटासुद्धा मोठा वाटतो.

शेवटची तपासणी दोन फोटोंची. एक रात्री झोपताना, एक सकाळी उठल्याबरोबर, एकाच जागी आणि एकाच उजेडात. चरबीची पिशवी दिवसभर जवळपास सारखीच असते. पाण्याची सूज सकाळी जास्त असते आणि उभं राहून, हिंडून-फिरून दुपारपर्यंत ओसरते. आदल्या रात्रीचे पापड-लोणचं, अपुरी झोप, सर्दी, धुळीची ॲलर्जी, डोळे चोळायची सवय, यांनी ती वाढते. उशी थोडी उंच केली, मीठ कमी केलं, ॲलर्जीवर उपचार घेतले तरी बऱ्याच जणांचं काम भागतं. मात्र डोळ्यांभोवतीची सूज नव्याने आणि झपाट्याने आली असेल, तिच्याबरोबर पायांवर सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर आधी फॅमिली डॉक्टर गाठायला हवा. मूत्रपिंडातून प्रथिनं जायला लागली की सकाळी पापण्या सुजणं ही त्याची एक सुरुवातीची खूण असते. थायरॉइडच्या विकारातही डोळ्यांभोवती फुगवटा येतो आणि कधी डोळा पुढे आल्यासारखा दिसतो. अशा सुजेवर चेहऱ्याचे उपचार करणं म्हणजे गळणारं छत सोडून भिंतीला रंग देणं.

आता चरबीच्या पिशवीबद्दल. डोळा कवटीतल्या खोबणीत मोकळा बसलेला नसतो, त्याच्या भोवती चरबीची गादी असते. धक्का बसला तर तीच त्याला सांभाळते. खालच्या पापणीमागे या चरबीचे तीन कप्पे असतात आणि त्यांना आत धरून ठेवायला पुढे एक पातळ पडदा असतो. वयाबरोबर, आणि काही घराण्यांत तर पंचविशी-तिशीतच, हा पडदा सैल होतो आणि चरबी पुढे ढकलली जाते. म्हणजे ही चरबी नव्याने साठलेली नसते, वजन वाढल्यामुळेही आलेली नसते. जी मागे होती ती पुढे आलेली असते. म्हणूनच डाएट करून ती जात नाही. उलट वजन उतरलं की गाल बसतात आणि पिशवी आणखी उठून दिसते. ताईने चार महिने रात्रीचं जेवण सोडून हा अनुभव घेतला.

पिशवीच्या खाली, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून गालाकडे तिरकी उतरणारी एक खोलगट रेषा असते. रडताना आसू वाहतात ते साधारण त्याच वाटेने. इंग्रजीत तिला टिअर ट्रफ म्हणतात, आपण अश्रूंची पन्हळ म्हणू या. तिथे कातडी एका आखूड बंधाने थेट हाडाला बांधलेली असते. आजूबाजूचं सगळं सरकतं, पण ती रेषा जागची हलत नाही. वर फुगवटा, खाली बसलेला गाल आणि मध्ये बांधलेली रेषा, यातून ती थकलेली मुद्रा तयार होते. म्हणूनच आठ तास झोप घेऊन ऑफिसात आलेल्या माणसालाही ‘काल जागरण झालं का?’ असं विचारलं जातं.

आणखी एक प्रकार वेगळा ओळखायला हवा. पापणीच्या खाली, गालाच्या हाडावर, अर्धचंद्रासारखी पाणथळ वळी येते. ती पिशवी नव्हे. तिथे द्रव साठून राहतो, कातडी आणि स्नायू सैल झालेले असतात. ऊन आणि धूम्रपान यांचा त्यात हात असतो. फिलरने ती हमखास बिघडते आणि पापणीच्या नेहमीच्या ऑपरेशनने ती जात नाही. डॉक्टरने या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या नाहीत, तर मी तिथून उठून येईन.

रेघेकडे वळू या. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची ही घडी म्हातारपणाची खूण आहे असं आपण धरून चालतो. पण तान्हं बाळ हसतं किंवा रडतं तेव्हा त्याच्याही गालावर ती उमटते. गालाचे स्नायू तिथे येऊन कातडीला चिकटतात. ते आखडले की ओठ वर जातो, गाल दुमडतो आणि घडी पडते. एखाद्याचं तोंड अचानक वाकडं झालं, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूची नस लुळी पडली, की डॉक्टर पहिल्यांदा जे बघतात त्यात ही रेघही असते. लुळ्या बाजूला ती पुसट होते, कधी नाहीशी होते. तो चेहरा तरुण दिसत नाही, निर्जीव दिसतो. म्हणून ‘रेघ पूर्ण घालवून देतो’ असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते. जिवंत चेहऱ्यावर ती असायलाच हवी. प्रश्न खोलीचा आहे, आणि तोंडावर काहीच भाव नसतानाही ती किती दिसते याचा.

ती खोल का होते हे समजायला कातडीच्या आत जावं लागतं. पूर्वी समजूत अशी होती की चेहरा एखाद्या पडद्यासारखा सैल होऊन खाली लोंबतो. २००७ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये रोरिक आणि पेसा या दोघांनी मृतदेहांच्या चेहऱ्यांत रंग सोडून दाखवून दिलं की चेहऱ्याची चरबी एकसंध थर नसते. तिचे वेगवेगळे कप्पे असतात, मध्ये भिंती असतात, आणि हे कप्पे एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. गालाच्या आतला, हाडाजवळचा खोल कप्पा आधी रिकामा व्हायला लागतो. त्याच्यावरचा वरवरचा कप्पा आधार गेल्यामुळे पुढे-खाली येऊन रेघेवर वजन टाकतो. हाडही बदलतं. डोळ्याची खोबण कडेने झिजून रुंद होते, नाकाच्या बाजूचं वरच्या जबड्याचं हाड मागे सरकतं. डोळ्यांखालची पन्हळ आणि गालावरची रेघ दिसायला वेगळ्या जागी असल्या, तरी बऱ्याचदा दोघींचं मूळ या मधल्या रिकाम्या झालेल्या गालातच असतं. रेघ जिथे दिसते तिथेच भरायची, ही म्हणूनच अपुरी समजूत आहे. तसं करत राहिलं की ओठांच्या वर एक जाड, जड पट्टा तयार होतो, आणि असे चेहरे हल्ली बरेच दिसतात.

ताईच्या बाबतीत पहिल्यांदा नेमकं तेच झालं. एका चकचकीत क्लिनिकमध्ये पाच मिनिटांत निकाल लागला. प्रत्येक डोळ्याखाली एक सिरिंज, प्रत्येक रेघेत एक सिरिंज, चार सिरिंजचं पॅकेज, आज घेतलं तर सवलत. वर बघा, खाली बघा, असं कुणी सांगितलं नाही. तिला थायरॉइडची गोळी चालू आहे का हेही विचारलं नाही. पहिले आठ दिवस ती खूश होती. महिनाभराने डोळ्यांखाली सकाळी फुगलेल्या, निळसर झाक असलेल्या दोन गाद्या दिसायला लागल्या आणि त्या जाईनात.

फिलर म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. हल्ली वापरलं जाणारं बहुतेक फिलर हायलुरॉनिक ॲसिडचं असतं. हे द्रव्य १९३४ साली कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून वेगळं केलं. नावातला ‘हायल’ हा ग्रीक भाषेतल्या काचेच्या शब्दावरून आला. आपल्या कातडीत, सांध्यांत, डोळ्यांत ते असतंच. पाणी धरून ठेवणं हा त्याचा मुख्य गुण. गालात हा गुण उपयोगी पडतो, पण पापणीखाली तोच अंगलट येऊ शकतो. तिथली कातडी शरीरात सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. जेल थोडं जरी वर राहिलं तरी त्यातून प्रकाश विखुरतो आणि निळसर छटा दिसते. टिंडल या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. शिवाय ज्याला मुळातच पाणी धरण्याची सवय आहे, त्याच्या पापणीखाली पाणी ओढणारा पदार्थ ठेवला तर काय होणार?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गालाच्या घडीसाठी रेस्टिलेन या हायलुरॉनिक फिलरला २००३च्या डिसेंबरात परवानगी दिली. डोळ्यांखालच्या खड्ड्यासाठी असं पहिलं फिलर, ज्युव्हेडर्म व्होल्बेला, तिथे मंजूर झालं ते २०२२च्या जानेवारीत. मधली अठरा वर्षं डोळ्यांखाली फिलर भरलं जात नव्हतं असं नाही, जगभर भरलं जात होतं. पण दोन मंजुरींतलं अंतर बघितलं की या दोन जागा सारख्या नाहीत हे लक्षात येतं. कागदावर फिलरचा टिकाव सहा महिने ते वर्ष-दीड वर्ष असा असतो. डोळ्यांखाली मात्र स्नायूंची फारशी ओढाताण नसल्याने ते त्याहून पुष्कळ जास्त काळ राहिलेलं स्कॅनमध्ये आढळलं आहे. ‘विरलं असेल’ असं समजून दर वर्षी वर आणखी भरत जाणं म्हणूनच धोक्याचं.

खरा मोठा धोका मात्र सुजेचा नाही. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. सुई चुकून धमनीत गेली आणि जोराने दाब दिला गेला, तर जेल उलट्या दिशेने जाऊन दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद करू शकतं. २०१५ साली जगभरच्या वैद्यकीय नोंदी तपासून फिलरमुळे दृष्टी बाधित झालेली ९८ प्रकरणं एकत्र मांडली गेली. त्यात भुवयांमधली जागा आणि नाक यांच्यापाठोपाठ गालाच्या या घडीचाच क्रमांक होता, साधारण १३ टक्के. जवळपास निम्म्या प्रकरणांत भरलेला पदार्थ स्वतःच्याच शरीरातली चरबी होता. ‘आपलीच चरबी म्हणजे निर्धोक’ हा समज त्याने मोडतो. जगात फिलर घेणारे लाखो आहेत, त्या मानाने ही संख्या फार लहान आहे, हे खरं. पण गेलेली दृष्टी क्वचितच परत येते. सुई टोचताच कातडी पांढरीफटक पडणं, जाळीसारखी निळसर नक्षी उमटणं, असह्य दुखणं किंवा डोळ्यासमोर अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर हातात मिनिटं असतात. हायलुरॉनिक फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन त्याच खोलीत हवं, बाहेरून मागवायला वेळ नसतो. सिलिकॉनसारख्या कायमस्वरूपी फिलरला असा उतारा नाही, त्यामुळे डोळ्यांजवळ ते नकोच. आणि सुईशिवाय नुसत्या दाबाने फिलर आत सोडणारी ‘हायलुरॉन पेन’ नावाची उपकरणं पार्लरमध्ये किंवा घरी वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१मध्येच दिला आहे.

ताईचं फिलर दुसऱ्या एका डॉक्टरांनी याच हायलुरोनिडेजने विरघळवलं. दोन दिवसांत निळसर गाद्या गेल्या आणि खाली मूळच्या पिशव्या जशाच्या तशा होत्या. हे डॉक्टर डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जरीतले. त्यांनी तिला वर बघायला लावलं, खाली बघायला लावलं, खालची पापणी चिमटीत धरून सोडली आणि ती किती झटकन जागेवर येते ते पाहिलं. मग म्हणाले, “तुमच्याकडे चरबी पुढे आलेली आहे. ती लपवायला भोवती भर घालत बसण्यापेक्षा तीच खाली सरकवून खड्डा भरू या.”

या ऑपरेशनला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात, आणि या शब्दामागे पुण्याचा एक धागा आहे. १७९२च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी माणूस टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. तो वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये १७९४च्या ऑक्टोबरात छापून आला. तो वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. त्यांच्या मागोमाग बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे यांनी १८१८ साली नाकाच्या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिलं, आणि पापणीच्या दुरुस्तीसाठी ब्लेफरोप्लास्टी हा शब्द वापरात आणला तोही ग्रेफे यांनीच. त्यांचं काम आजाराने खराब झालेल्या पापण्या नीट करण्याचं होतं. सौंदर्यासाठी तिचा वापर नंतर आला.

आजची पद्धत दोन प्रकारची. एकात पापण्यांच्या केसांच्या लगत बाहेरून बारीक छेद घेतात आणि सैल कातडीही थोडी कमी करतात. दुसऱ्यात पापणी उलटून आतल्या गुलाबी बाजूने शिरतात, बाहेर व्रण राहतच नाही. ही आतली वाट पॅरिसच्या बुर्गे यांनी १९२४ साली मांडली. कातडी फारशी सैल नसेल तर आपल्या गहूवर्णी, सावळ्या लोकांना ती विशेष सोयीची, कारण आपली कातडी जखम भरताना काळवंडते. फार वर्षं सर्जन पुढे आलेली चरबी कापून टाकत. ते दिसायला लगेच छान वाटे. दहा-पंधरा वर्षांनी गाल बसले की तेच डोळे खोल गेलेले, आजारी दिसत. ब्राझीलच्या लोएब यांनी १९८१मध्ये आणि डॅलसच्या हॅम्रा यांनी १९९५मध्ये चरबी न टाकता हाडाच्या कडेवरून खाली पन्हळीत पसरायची रीत दाखवली. मला ही कल्पना फार आवडते, कारण जिथे जास्त आहे तिथलं उचलून जिथे कमी आहे तिथे ठेवलं जातं.

तरीही ऑपरेशन ते ऑपरेशनच. आतल्या आणि मधल्या कप्प्यांच्या मधून डोळा फिरवणारा एक बारीक स्नायू जातो, त्याला इजा झाली तर एकाचे दोन दिसू शकतात. कातडी जास्त काढली किंवा पापणी मुळातच सैल असली तर ती खाली ओढली जाऊन डोळ्याचा पांढरा भाग उघडा पडतो, डोळा कोरडा होतो. त्यासाठीच चिमटीची ती तपासणी. गरज वाटली तर बाहेरच्या कोपऱ्यात पापणी घट्ट करणारा टाका घालतात. क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होतो. ऑपरेशननंतर एका डोळ्यात एकदम कळा, ताण, अंधुकपणा आला तर मध्यरात्रीही फोन करायचा असतो, सकाळची वाट बघायची नाही. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, आणि गाजावाजा न करता चालू असलेली आयुर्वेदिक किंवा माशाच्या तेलाची कॅप्सूलसुद्धा डॉक्टरांना आधी सांगायला हवी. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद मात्र करायच्या नाहीत, त्या लिहून देणाऱ्याला विचारूनच. रक्तदाब आणि साखर ताब्यात हवी. डोळे कोरडे असतील तर तेही आधी तपासून घ्यावं.

काळं-निळं पडणं आणि सूज दहा ते चौदा दिवसांत बरीच ओसरते, पण खरा आकार समजायला तीन ते सहा महिने जातात. घरात लग्न असेल तर हे गणित आधी मांडावं. मुलीच्या लग्नाला महिना उरला असताना आलेल्या बाईला ताईच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर परत पाठवलं. फिलरसुद्धा अशा कार्याच्या तीन-चार आठवडे आधीच घ्यावं, म्हणजे निळसर डाग पडला तर जायला वेळ मिळतो.

बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात. क्रीमने चरबी मागे जात नाही. कॅफीन असलेलं जेल सकाळची सूज थोडा वेळ उतरवतं. रेटिनॉलने बारीक सुरकुत्यांत महिन्यांनी फरक दिसतो, पण डोळ्यांजवळ ते जपून लावावं लागतं आणि गरोदरपणात टाळावं लागतं. काळेपणासाठी दुकानातून स्वतःच आणलेली स्टेरॉइडयुक्त क्रीम मात्र डोळ्यांभोवती कधीच नको. कातडी आणखी पातळ होते, आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूपर्यंत गोष्ट जाऊ शकते. लेझरने आणि सुयांमधून उष्णता देणाऱ्या रेडिओफ्रीक्वेन्सीने कातडीचा पोत सुधारतो, पण मोठी पिशवी जात नाही. आपल्या वर्णाला जोरकस लेझरनंतर काळे डाग पडण्याची भीती असते, तेव्हा आपल्याच वर्णाच्या रुग्णांचे आधीचे-नंतरचे फोटो बघायला मागावेत. बोटॉक्स हे औषध मुळात डोळ्यांचंच. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी ते विकसित केलं आणि १९८९मध्ये त्याला त्यासाठी परवानगी मिळाली. डोळ्यांच्या बाहेरच्या कडेला हसताना पडणाऱ्या रेषांवर ते चांगलं काम करतं. पिशवीवर करत नाही. पापणीचा स्नायू ढिला पडला तर पिशवी वाढल्यासारखीही दिसते. धाग्यांनी गाल उचलण्याचा परिणाम मला पैशाच्या मानाने फार अल्पजीवी वाटला.

गालाच्या रेघेसाठी मला स्वतःला पटलेला मार्ग संथ आहे. आधी डोळ्यांखालचं काम, मग थांबायचं. थांबूनही रेघ त्रास देत असेल तर पहिलं फिलर रेघेत न घालता गालाच्या हाडावर, खोल थरात, थोडंसं. गाल थोडा उचलला गेला की रेघ आपोआप उथळ होते. नंतर गरज उरली तरच रेघेत अगदी कमी. साठीच्या पुढे, कातडी खूप सैल असेल तर फेसलिफ्टचा विचार होतो. पण त्यानेही जबड्याची कड जितकी सुधारते तितकी ही रेघ सुधारत नाही, हे आधी ऐकून घेतलेलं बरं. कुशीवर, एकाच गालावर झोपणाऱ्यांच्या गालावर उभ्या घड्या पडतात. त्यांना फिलरपेक्षा पाठीवर झोपायची सवय जास्त उपयोगी पडेल, ती लागायला जड जाते तरी.

डॉक्टर निवडताना फलकावरच्या ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या शब्दावर विसंबू नये. पापणीच्या ऑपरेशनसाठी प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी, नाहीतर नेत्रतज्ज्ञ असून पापण्यांच्या प्लास्टिक सर्जरीचं वेगळं प्रशिक्षण. फिलर-लेझरसाठी हेच किंवा त्वचारोगाचे एम.डी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरची नोंदणी शोधता येते, ती शोधावी. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, गुंतागुंत झाली तर काय करता, हायलुरोनिडेज इथे आहे का, हे विचारायला संकोचू नये. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. सिरिंजचं खोकं समोर फोडलेलं असावं आणि त्यावरचं बॅचचं लेबल आपल्या फाईलमध्ये चिकटवून घ्यावं. ताईचं पहिलं फिलर कोणतं होतं हे शोधायलाच दुसऱ्या डॉक्टरांचे दोन आठवडे गेले होते. खर्चाचा हिशोबही पाच वर्षांचा करावा. ऑपरेशनचा आकडा एकदम मोठा दिसतो, पण दर वर्षीच्या फिलरची बेरीज बऱ्याचदा त्याच्या पुढे जाते. सौंदर्यासाठीच्या उपचारांना आरोग्य विमा लागू होत नाही आणि त्यावर जीएसटी लागतो, तेव्हा तोही धरावा.

आणि काहीच न करणं हाही एक पूर्ण, मानाचा पर्याय आहे, असं मी ताईला अनेकदा म्हणाले. ज्याला दिवसातून वीसदा आरसा बघावासा वाटतो, लोकांत जायचं टाळावंसं वाटतं, त्याच्या मनाचं दुखणं पापणी नीट केल्याने बरं होत नाही. अशा माणसाला ऑपरेशन नाकारणारे डॉक्टर मी पाहिले आहेत आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. ताईचं तसं नव्हतं. तिला फक्त रोज भेटणाऱ्या माणसांनी ‘बरं नाही का?’ विचारायचं थांबायला हवं होतं.

तिचं ऑपरेशन गेल्या वर्षी दिवाळीनंतर झालं, पापणीच्या आतून, चरबी खाली सरकवून. पहिले चार दिवस ती बर्फाची पुरचुंडी डोळ्यांवर ठेवून रेडिओ ऐकत पडून होती. तिसऱ्या आठवड्यात भाजी आणायला बाहेर पडली. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावला. पिशव्या नव्हत्या, पन्हळ जवळजवळ भरली होती. रेघ होती तिथेच होती, पण वरची सावली गेल्यामुळे तिच्याकडे लक्ष जात नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गालाच्या हाडावर अर्धी सिरिंज देता येईल, घाई नाही. ताईने फोटो पुन्हा एकदा निरखला, चष्मा काढून, चष्मा लावून. मग म्हणाली, “पुढच्या वर्षी बघू,” आणि फाईल मिटून माझ्याकडे दिली.